हवेच्या आधारावर उभे असलेले घर

भारतातील कोणत्याही महामार्गावरून प्रवास करताना पुढे चाललेल्या मालमोटारीच्या पाठीवर 'एअर ब्रेक' हे दोन शब्द रंगविलेले दिसतात आणि त्यांच्याच शेजारी 'अंतर ठेवा' अशी सूचना असते. हे शब्द इतके नेहमीचे झाले आहेत की त्यांचा अर्थ काय, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. हवा हा पदार्थ मुठीत धरू गेल्यास निसटणारा, वजनाने नगण्य. तो पंधरा टनांचे धूड उतारावर कसा थोपवितो? आणि एखादी नळी फुटून ती हवाच निघून गेली, तर त्या धुडाचे काय होते?

हे प्रश्न मालमोटारीच्या चालकापुरते मर्यादित राहिलेले नाहीत. अमेरिकेत असंख्य कुटुंबे स्वयंपाकघर, निजावयाची खोली व स्नानगृह यांसह रस्त्यावरून धावणारे घर बाळगतात. त्याला तेथे 'मोटारहोम' म्हणतात. मराठीत 'मोटारघर' म्हणावयास हरकत नाही. लहान मोटारघरे साध्या मोटारीसारखीच असतात. परंतु ज्यांचे डिझेल एंजिन मागच्या बाजूस असते, अशी मोठी मोटारघरे म्हणजे वस्तुतः आरामबसचीच भावंडे होत. त्यांचे वजन पंधरा टनांच्या घरात जाते, त्यांना हवेचे ब्रेक असतात आणि त्यांचा सांगाडाही पोलादी पाट्यांऐवजी हवेने भरलेल्या रबरी पिशव्यांवर तोललेला असतो. या तोलून धरण्याच्या व्यवस्थेस परिभाषेत 'निलंबन' म्हणतात. कचेरीतील निलंबनाशी तिचा काही संबंध नाही.

मालमोटार चालविणाऱ्यास अमेरिकेत हवेच्या ब्रेकांची स्वतंत्र परीक्षा द्यावी लागते. टाकीतील दाब किती असावा, गळती कशी तपासावी हे त्याला करून दाखवावे लागते. उलट खाजगी मोटारघर चालविणाऱ्यास तेथील अनेक राज्यांत अशी परीक्षा नाही. नोकरीतून निवृत्त झालेले एखादे दांपत्य आयुष्यभर छोटी मोटार चालवून एके दिवशी या पंधरा टनांच्या घराच्या चक्रापाशी बसू शकते. यंत्रणा तीच, धोका तोच. ज्ञान मात्र ज्याचे त्याने मिळवावयाचे. म्हणूनच ही यंत्रणा समजून घेणे हा केवळ कुतूहलाचा विषय उरत नाही.

तिच्या प्रत्येक भागाविषयी एकच प्रश्न विचारीत गेल्यास बहुतेक सर्व उलगडा होतो : येथील हवा निघून गेली, तर काय होईल?

रेल्वेने घालून दिलेला धडा

हा प्रश्न प्रथम रेल्वेच्या बाबतीत उभा राहिला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास आगगाडी थांबविण्यासाठी प्रत्येक डब्यावरील कामगाराला हाताने ब्रेकचे चाक फिरवावे लागे. जॉर्ज वेस्टिंगहाउस या अमेरिकन तरुणाच्या वाचनात एकदा फ्रान्स व इटली यांच्यामधील माँ सेनी बोगद्याची हकिगत आली. तेथे खडक फोडण्याची यंत्रे दाबाखालील हवेवर चालत आणि ती हवा लांबलचक नळ्यांतून डोंगराच्या पोटात पोहोचविली जाई. हवा जर इतक्या दूर जाऊन खडक फोडते, तर ती गाडीच्या शेवटच्या डब्यापर्यंत जाऊन ब्रेक का दाबणार नाही, असा विचार त्याच्या मनात आला. १८६९ साली त्याला या शोधाचे पेटंट मिळाले, तेव्हा तो अवघ्या बावीस वर्षांचा होता.

त्याची पहिली रचना सरळ होती. एंजिनावर हवेचा पंप व टाकी. तेथून सर्व डब्यांखालून जाणारी एक नळी. चालकाने नळीत हवा सोडली की ब्रेक लागत. आता आपला प्रश्न विचारून पाहावा. दोन डब्यांमधील जोडनळी तुटली, तर काय होईल? हवा बाहेर जाईल आणि साऱ्या गाडीला एकही ब्रेक उरणार नाही. म्हणजे ज्या अपघातात ब्रेकची गरज सर्वांत अधिक, त्याच अपघातात तो हात टेकणार!

वेस्टिंगहाउसने हा दोष ओळखला आणि १८७२ मध्ये रचना उलटी केली. प्रत्येक डब्याला स्वतःची छोटी टाकी दिली, मुख्य नळी सदैव हवेने भरलेली ठेवली आणि अशी झडप बसविली की नळीतील दाब उतरताच डब्याच्या टाकीतील हवा ब्रेककडे धावावी. आता नळी तुटली, डबे सुटे झाले, तर ब्रेक आपोआप लागू लागले. हवा जाणे याचा अर्थ गाडी थांबणे, असा झाला. यंत्रांच्या इतिहासात एवढ्या थोड्या फरकाने एवढे कल्याण झाल्याची उदाहरणे फार नाहीत.

या फरकाची किंमत सर्वांना तत्काळ पटली असे मात्र नाही. १२ जून १८८९ रोजी आयर्लंडमधील आर्मा गावाजवळ सहलीस निघालेली मुलाबाळांनी भरलेली आगगाडी चढावर अडकली. तिचे ब्रेक निर्वात पद्धतीचे होते, पण स्वयंचलित नव्हते; एंजिनाशी जोडलेले असेतोच ते चालत. पुढचा भाग वर नेऊन ठेवावा म्हणून गाडीचे दोन भाग करण्यात आले आणि मागच्या डब्यांचा ब्रेक त्या क्षणीच संपला. ते डबे उतारावरून मागे घसरत जाऊन पाठीमागून येणाऱ्या गाडीवर आदळले. सुमारे ८० माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत मुले पुष्कळ होती. त्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटने कायदा करून उतारूंच्या गाड्यांना स्वयंचलित ब्रेक सक्तीचे केले.

रस्त्यावरील अवजड वाहनांत हाच धडा निराळ्या रूपाने उतरला आहे. चालक पायाने जो ब्रेक दाबतो, त्यात हवा आत शिरून ब्रेक लावते. पण गाडी उभी करण्याचा जो ब्रेक आहे, तो हवा लावीत नाही. तो एका जाडजूड पोलादी स्प्रिंगने लागतो. हवेचे काम त्या स्प्रिंगला दाबून मागे रेटून धरण्याचे. गाडी चालू असेतो हवा स्प्रिंगला कोंडून ठेवते. हवा संपली की स्प्रिंग मोकळी होते आणि चाके आवळली जातात. मोटारघराच्या चालकासमोरील पिवळी खुंटी बाहेर ओढली की 'फुस्स' असा जो मोठा आवाज होतो, तो त्या स्प्रिंगच्या सुटकेचा होय. हवेच्या ब्रेकांसंबंधीचे स्वतंत्र सुरक्षा-मानक अमेरिकेत १९७५ साली अंमलात आले. तेव्हापासून पुढील व मागील चाकांसाठी हवेची दोन वेगळी मंडले आणि त्यांच्या जोडीला स्प्रिंगचा ब्रेक, ही रचना सार्वत्रिक झाली. एक मंडल रिकामे झाले, तरी दुसरे काम देते.

हवेबरोबर येणारे पाणी

एंजिनाने चालणारा एक संपीडक, म्हणजे कॉम्प्रेसर, बाहेरची हवा ओढून ती टाक्यांत भरतो. दाब चौरस इंचाला सुमारे १२५ पौंड झाला की एक नियामक झडप भरणे थांबविते आणि तो १०० पौंडांच्या आसपास उतरला की पुन्हा सुरू करते. शंभर पौंड दाब म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या सुमारे सातपट अधिक. येथवर सारे सोपे आहे. अडचण अशी की संपीडक केवळ हवा ओढीत नाही; हवेतील ओलावाही ओढतो.

हा ओलावा किती, याचा हिशेब उद्‌बोधक आहे. ३० अंश सेल्सिअस तापमानाच्या पूर्ण दमट हवेत दर घनमीटरला सुमारे ३० ग्रॅम पाण्याची वाफ असते. अशी आठ घनमीटर हवा घेतली, तर तिच्यात २४० ग्रॅम वाफ झाली. ही हवा दाबून एक घनमीटर जागेत कोंबली आणि पुन्हा ३० अंशांपर्यंत निवू दिली, तर त्या एक घनमीटरात वाफ पूर्वीप्रमाणेच ३० ग्रॅमच मावते. कारण मावणारी वाफ जागेच्या आकारमानावर व तापमानावर ठरते, हवेच्या दाबावर नव्हे. उरलेले २१० ग्रॅम पाणी होऊन टाकीच्या तळाशी बसते. मुंबईच्या पावसाळ्यात काय होत असेल, याची कल्पना यावरून करता येईल.

पाण्याने टाकी आतून गंजते. हवेसाठी असलेली जागा पाणी व्यापते आणि ऐन वेळी हवेचा साठा कमी पडतो. थंड प्रदेशात तर हे पाणी गोठून झडपेत बर्फाचा खडा बसतो. त्यातच संपीडकाला वंगण एंजिनाच्या तेलाचेच असल्याने तेलाचे सूक्ष्म थेंबही हवेबरोबर पुढे सरकतात. म्हणून संपीडक व टाक्या यांच्यामध्ये एक शुष्कक बसविलेला असतो. त्याच्या डब्यात ओलावा शोषून घेणारे बारीक मणी भरलेले असतात. टाक्या भरल्या की शुष्कक थोडी कोरडी हवा उलट दिशेने सोडून मण्यांतील पाणी बाहेर फेकतो. उभ्या असलेल्या गाडीखालून मधूनच जो फूत्कार ऐकू येतो, तो बहुधा याचाच. हे मणी अमर नसतात. दोन-तीन वर्षांनी ते बदलावे लागतात. तेलाने माखले तर त्याहूनही लौकर.

प्रत्येक टाकीच्या तळाशी पाणी काढावयाची तोटी असते. चाकांपुढे व चाकांमागे लाकडी ठोकळे घालून ती उघडावी. नुसती हवा किंवा दोन-चार थेंब आले, तर शुष्कक नीट काम करीत आहे. पेलाभर पाणी आले, तर मण्यांचे आयुष्य संपले म्हणावे. आणि ताकासारखा पांढुरका द्रव आला, तर ते तेल व पाणी यांचे मिश्रण होय. तेव्हा दोष शुष्ककापुरता नसून संपीडकातच शोधला पाहिजे. केवळ तोटी उघडून पाहण्याने इतके निदान होते, आणि तरीही ही तोटी पुष्कळ मोटारघरांत वर्षानुवर्षे कोणी उघडलेली नसते.

जे पायाला कळत नाही

साध्या मोटारीत ब्रेक तेलाच्या दाबावर चालतो. पायाचा जोर तेलामार्फत चाकापर्यंत जातो. म्हणून ब्रेक बिघडू लागला की पायपट्टी मऊ लागते, खोल जाते, चालकाला पायानेच कळते. हवेच्या ब्रेकात तसे नाही. पायपट्टी ही केवळ एका झडपेची किल्ली आहे. जोर पायाचा नसतो, टाकीतल्या हवेचा असतो. चाकाजवळील ब्रेक चांगला असो वा निकामी, पायाला पट्टी सारखीच लागते. हवेच्या ब्रेकांची सारी फसवणूक या एका गोष्टीत आहे.

चाकाजवळ काय घडते ते पाहू. तेथे पत्र्याची एक बसकी डबी असते व तिच्या आत रबरी पडदा. नेहमीच्या मोठ्या डबीतील पडद्याचे परिणामकारक क्षेत्रफळ ३० चौरस इंच असते. १०० पौंड दाबाची हवा त्यावर आली की पडदा आपल्या पुढील दांडा ३,००० पौंडांच्या, म्हणजे सुमारे १,३६० किलोग्रॅमच्या जोराने रेटतो. दांडा एक तरफ फिरवितो. तरफेच्या आसाला इंग्रजी 'एस' अक्षराच्या आकाराचा कॅम असतो. तो फिरला की दोन्ही ब्रेक-शू बाहेर फाकून ड्रमवर घासतात. अलीकडील कित्येक मोटारघरांत ड्रमऐवजी तबकडीचे ब्रेक असतात, परंतु डबी व दांडा तेथेही आहेत.

आता मर्म असे की दांड्याची धाव आखूड आहे. वर सांगितलेल्या डबीच्या दांड्याला सुमारे दोन इंच धाव पुरली पाहिजे. त्यापलीकडे ब्रेक सैल झाला असे मानतात. लायनर झिजत जाते तसतशी धाव वाढते. धाव वाढत जाऊन पडदा डबीच्या टोकाला टेकला की सारा जोर डबीवर पडतो, ड्रमवर नाही. भरीस भर म्हणजे ड्रम तापला की फुगतो आणि शूपासून आणखी दूर सरतो. सपाट रस्त्यावर जेमतेम पुरणारा ब्रेक घाटात तापल्यावर अपुरा पडतो, तो यामुळे.

ही वाढती ढिलाई काढण्यासाठी त्या तरफेतच सैलाई आवरणारी कळ असते. कारखान्यात तिला 'स्लॅक ॲडजस्टर' म्हणतात. पूर्वी ती हाताने पिळावी लागे. ऑक्टोबर १९९४ नंतर अमेरिकेत तयार झालेल्या हवेच्या ब्रेकांच्या वाहनांना ती स्वयंचलित असावी लागते. येथे एक चूक वारंवार घडते. स्वयंचलित कळ असूनही ब्रेक सैल आढळला की पाना लावून ती हाताने आवळली जाते आणि काम झाले असे समजले जाते. वस्तुतः स्वयंचलित कळ सैल राहिली, याचाच अर्थ ती स्वतः किंवा तिच्याशी संबंधित एखादा भाग बिघडला आहे. हाताने आवळल्याने तो बिघाड काही दिवस झाकला जातो, इतकेच.

हवेला नळीतून चाकापर्यंत पोहोचण्यास लागणारा वेळही हिशेबात धरला पाहिजे. तो सेकंदाचा चार-दशांश भाग किंवा थोडा अधिक असतो. ऐकावयास क्षुल्लक, पण ताशी ५५ मैलांच्या वेगाने धावणारी गाडी तेवढ्यात सुमारे ३२ फूट, म्हणजे जवळजवळ दहा मीटर पुढे गेलेली असते.

चालकाने प्रवासाला निघण्यापूर्वी करावयाची तपासणी दहा मिनिटांत होते आणि तिला घड्याळाखेरीज कसलेही उपकरण लागत नाही. सपाट जागी चाकांना ठोकळे लावून टाक्या पूर्ण भराव्यात, एंजिन बंद करावे, उभे करण्याचा ब्रेक सोडावा आणि एक मिनिट दाबमापकाकडे पाहत राहावे. मागे दुसरे वाहन जोडलेले नसेल, तर काटा दोन पौंडांहून अधिक उतरता कामा नये. मग पायपट्टी दाबून धरून आणखी एक मिनिट. तेव्हा तीन पौंडांपर्यंत चालेल. यानंतर विजेची किल्ली चालू ठेवून पायपट्टी पुनःपुन्हा दाबीत हवा मुद्दाम खर्च करावी. दाब ६० पौंडांच्या आसपास येईपर्यंत धोक्याचा दिवा व भोंगा सुरू झालाच पाहिजे. तरीही दाबीत राहिल्यास ४५ ते २० पौंडांच्या दरम्यान केव्हातरी ती पिवळी खुंटी आपण होऊन उडते आणि स्प्रिंगचे ब्रेक लागतात. वेस्टिंगहाउसने शोधलेले तत्त्व आपल्या गाडीत जागे आहे की नाही, याचा हा प्रत्यक्ष पुरावा. गळती असल्याचे दिसले, तर सांध्यांवर साबणाचे पाणी लावावे. सायकलच्या ट्यूबचे पंक्चर शोधताना दिसतात, तसे बुडबुडे जागा दाखवितात.

झोपाळ्याची लय

आता पिशव्यांकडे वळू. पोलादी पाट्यांवर तोललेली बस रिकामी असताना का आदळते आणि भरल्यावर का सुखाची होते, हा अनुभव भारतात बहुतेकांनी घेतलेला आहे. पाट्यांचा ताठरपणा ठरलेला असतो. तो भरलेल्या गाडीसाठी योजलेला असल्यामुळे रिकाम्या गाडीला जाचतो. रबरी पिशवीतील हवेचे तसे नाही. भार वाढला की आत अधिक हवा भरून पिशवीची उंची पूर्ववत राखली जाते. दाब दुप्पट झाला की तिचा ताठरपणाही जवळजवळ दुप्पट होतो. भार आणि ताठरपणा एकाच प्रमाणात वाढल्याने गाडीच्या वरखाली हेलकावण्याची लय मात्र तीच राहते. झोपाळ्यावर लहान मूल बसो की मोठा माणूस, त्याच्या झोक्याला लागणारा वेळ बदलत नाही. तसेच काहीसे येथे घडते.

अमेरिकेत या पद्धतीला खरी प्रसिद्धी दिली ती लांब पल्ल्याच्या बसगाड्यांनी. १९५४ मध्ये रस्त्यावर आलेली ग्रेहाउंड कंपनीची दुमजली धाटणीची 'सीनिक्रूझर' बस हवेच्या पिशव्यांवर चाले. जनरल मोटर्सने १९७३ ते १९७८ या काळात बनविलेल्या मोटारघराच्या मागील चारही चाकांचा भार दोनच पिशव्यांवर होता : प्रत्येक बाजूस दोन चाकांच्या बाहूंमध्ये एक. पुढची चाके एंजिनाने फिरत असल्याने मागे आसाचा आडवा दांडा नव्हता आणि घराची जमीन चांगलीच खाली आणता आली. त्या मोटारघराचे ब्रेक मात्र तेलाचेच होते. हवेच्या पिशव्या असल्या की हवेचे ब्रेकही असतातच असे नाही, हे त्यावरून दिसून येते.

पिशवीत हवा किती भरावी हे ठरविणारी झडप लहान असते, पण तिचे काम मोठे. ती सांगाड्याला पक्की केलेली असते व तिचा एक बारीक बाहू आसाशी जोडलेला असतो. भाराने सांगाडा खाली आला की बाहू वर उचलला जातो आणि हवा आत जाते; सांगाडा प्रमाणाबाहेर वर गेला की बाहू खाली येऊन हवा बाहेर सोडली जाते. ही उंची ठरलेल्या मापाची असावी लागते. ती हौसेने वाढविली किंवा दुर्लक्षाने घटली, तर एंजिनाकडून चाकांकडे जाणाऱ्या दांड्याच्या सांध्यांचे कोन बदलतात. मागे एंजिन असलेल्या मोटारघरात हा दांडा आखूड असतो, म्हणून तेथे थोडा फरकही पुष्कळ ठरतो. झडपेचा बाहू वाकलेला असणे हे एका बाजूस कललेल्या मोटारघराचे नेहमीचे कारण आहे. पिशवी फुटलेली असावी असे समजून नवीन पिशवी विकत घेण्यापूर्वी तो बाहू पाहून घ्यावा.

हवेला दोलन विझविण्याची शक्ती फारशी नसते. ते काम धक्काशोषकाचे. पिशवी शाबूत असूनही गाडी खड्ड्यानंतर बराच वेळ डोलत राहिली, तर दोष धक्काशोषकात समजावा.

ब्रेक व पिशव्या यांना हवा एकाच साठ्यातून मिळते. मग पिशवी फुटली, तर ब्रेकची हवा तिच्यातून वाहून जाणार नाही काय? याचा बंदोबस्त म्हणून मध्ये एक रक्षक झडप असते; साठ्यातील दाब ठराविक मर्यादेखाली आला की ती पिशव्यांचा मार्ग बंद करते आणि उरलेली हवा ब्रेकसाठी राखते. गाडी खाली बसली तरी चालेल, पण थांबली पाहिजे, असा हा अग्रक्रम आहे.

गाडीखाली जाणारा माणूस

येथेच आपल्या प्रश्नाचे उत्तर पालटते. ब्रेकमधील हवा गेली, तर गाडी थांबते. यंत्र सुरक्षित बाजूला झुकते. पिशवीतील हवा गेली, तर गाडी खाली येते. रस्त्यावर त्याने फारसे बिघडत नाही. परंतु त्या वेळी गाडीखाली कोणी निजलेले असेल, तर त्याच्या छातीची जागा आणि सांगाड्याची जागा एकच होते. अशा अपघातांत माणसे दगावली आहेत. पिशवी फुटावीच लागते असेही नाही. गळती शोधताना खाली पडलेल्या माणसाचा हात त्या बारीक बाहूला लागला, किंवा त्याने त्याचा सांधा सोडला, तरी झडप हवा बाहेर सोडू लागते. सारे घर त्याच्या अंगावर उतरावे, हे त्यानेच अजाणता केलेले असते. म्हणून सांगाड्याखाली वजन पेलतील असे भक्कम पोलादी आधार दिल्याशिवाय कोणीही खाली शिरू नये. तेलाच्या दाबावरील जॅक हा आधार नव्हे, तेलही गळते. मोटारघर समतल करण्यासाठी बसविलेले त्याचे स्वतःचे पायही आधार समजू नयेत.

स्प्रिंगच्या ब्रेकची डबी घरी उघडू नये. तिच्यातील स्प्रिंग शेकडो किलोग्रॅमच्या जोराने दाबलेली असते. कडे सोडताच झाकण तोफगोळ्यासारखे सुटते. ओढून नेण्यासाठी गाडीची चाके मोकळी करावयाची असल्यास स्प्रिंग आवळून धरणारा एक लांब बोल्ट मिळतो. तो पिळून स्प्रिंग कोंडता येते. मात्र त्यानंतर त्या चाकाला उभे करण्याचा ब्रेक राहत नाही, म्हणून ठोकळे आधी आणि बोल्ट नंतर.

उतारावरचा हिशेब

अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यात डेन्व्हरहून पश्चिमेस जाणारा महामार्ग सुमारे ३,४०० मीटर उंचीवर आयझेनहॉवर बोगद्यातून रॉकी पर्वत ओलांडतो. बोगदा १९७३ साली खुला झाला. त्यातून बाहेर पडून सिल्व्हरथॉर्नकडे उतरताना रस्त्याला शंभरास सातचा उतार आहे आणि ब्रेक गमावलेल्या वाहनांसाठी बाजूला चढाचे सुटकामार्ग बांधलेले आहेत. पंधरा टनांचे मोटारघर अशा उतारावर सव्वाचार किलोमीटर गेले, की ते ३०० मीटर खाली येते. या उतरण्यात मुक्त होणारी ऊर्जा सुमारे ४ कोटी ४० लक्ष ज्यूल भरते. एवढ्या उष्णतेने १३० लिटर पाण्याला आधण येईल. वेग न वाढता गाडी खाली आणावयाची, तर ही सर्व उष्णता कोठेतरी गेली पाहिजे. ती केवळ ब्रेककडे सोपविली आणि चार ड्रमांचे लोखंड प्रत्येकी ५० किलोग्रॅम धरले, तर वाऱ्याने काहीच उष्णता नेली नाही असे मानल्यास ड्रमांचे तापमान सुमारे ४८० अंशांनी वाढेल. वारा पुष्कळ नेतो हे खरे; पण सव्वाचार किलोमीटर हा घाट म्हणण्याजोगा उतारही नव्हे.

म्हणून उतार लागण्यापूर्वीच खालचा गिअर घ्यावा, एंजिनाचा किंवा धुरांड्याचा ब्रेक चालू करावा आणि बहुतेक उष्णता त्या वाटेने बाहेर जाऊ द्यावी. पायाचा ब्रेक उरलेल्या कामापुरता. सुरक्षित वेग ताशी ४० मैल ठरविला असेल, तर तेथे पोहोचताच चांगला दाब देऊन वेग ३५ पर्यंत आणावा व ब्रेक पूर्ण सोडावा; वेग पुन्हा ४० झाला की तेच. पट्टीवर हलका पाय सतत ठेवून उतरणे वरवर पाहता सौम्य वाटते. परंतु हलक्या दाबाला सर्व चाकांचे ब्रेक सारखे लागत नाहीत. काही चाकेच सारा भार वाहतात, तापतात आणि आधी निकामी होतात.

मालमोटार रोज धावते. मोटारघर वर्षातले कित्येक महिने एका जागी उभे असते, आणि त्याचे निम्मे रोग या उभे राहण्यातून येतात. ड्रम व शू यांच्यामध्ये गंज धरतो. झडपांच्या रबरी वाट्या सुकतात. हवा हळूहळू झिरपून पिशव्या चपट्या होतात व त्याच घडीवर महिनोन्‌महिने राहिल्याने तेथे रबराला भेगा पडतात. ऊन व हवेतील ओझोन त्या भेगा वाढवितात. दीर्घ मुक्कामापूर्वी टाक्यांतील पाणी काढून टाकावे. मुक्काम संपल्यावर एंजिन सुरू करताच निघू नये. पिशव्या पूर्ण फुगून सांगाडा आपल्या उंचीवर येईपर्यंत वाट पाहावी, आधार दिलेल्या गाडीखाली बॅटरी घेऊन घडीच्या जागी रबरातून दोरे दिसत आहेत काय ते न्याहाळावे आणि दोरे दिसल्यास ती पिशवी बदलूनच प्रवासाला लागावे. मग माणूस चालतो तेवढ्या वेगाने दहा-वीस पावले पुढे जाऊन ब्रेक दाबून पाहावा. गंजाने धरलेली चाके याच वेळी करकर आवाज करीत सुटतात.